मानाच्या तीर्थाचा दावा

कॉफी निवण्यापूर्वी सांगून टाकतो, कारण या प्रकरणाचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. पन्नासच्या दशकात मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातील आमच्या भजनमठात रामनवमीचे मानाचे पहिले तीर्थ भीमरावांना दिले गेले. त्यांचे थोरले चुलतभाऊ माधवराव इतके दुखावले, की त्यांनी थेट दिवाणी दावाच ठोकला.

निकाल देताना न्यायाधीश म्हणाले, "या तीर्थाला एखादे अधिकारपद जोडलेले असते, तर मी निवाडा केला असता. नुसता मान कोणाचा, हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने मला दिलेला नाही. दावा फेटाळला."

माधवराव मान खाली घालून बाहेर आले. जिंकलेले भीमराव मात्र लालबुंद झाले होते.

"अय्यो, अण्णा, ऐकलंस? आपल्या घराण्याचा मान म्हणजे 'नुसता मान'! तू अपील कर. मी तुझ्या बाजूनं साक्ष देतो."

भीमरावांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. "अहो राव, तुम्ही जिंकला आहात!"

"आग लागो असल्या जिंकण्याला!"

दोघे भाऊ एकाच रिक्षातून घरी परतले. पुढील रामनवमीला पुजाऱ्यांनी तीर्थाची पळी उचलली.

"आधी अण्णाला द्या. तो थोरला."

"छे, आधी भीमूला. कोर्टात तो जिंकलाय."

"अण्णा, हट्ट करू नकोस!"

"हट्ट कोण करतोय?"

सारा मठ ताटकळला. अखेरीस पुजारी गरजले, "हाही वाद कोर्टाच्या अधिकाराबाहेरचा आहे. इथला न्यायाधीश मी!"

आणि पहिले तीर्थ त्यांनी स्वतःच प्राशन केले.