कोशावरची पिवळी माशी

सहा पाय मोजून झाले ना साहेब? मंग आता अजून काय मोजून राहिले? — सहाच राहतीन जी, दरेकश्याच्या जंगलातली गांधीलमाशी झाली मनून का आठ फुटतीन तिले? बसा, खाटेवर बसा. इंग्रज गेले त वाटलं मोजमापं सुटली, त तुमी भिंग घेऊन आले — तेही नागपूरहून, रेल्वेनं, एका माशीपायी! हां, लिवा: झाड येनाचं — तुमी ऐन मनता ते —, महिना कार्तिक, रेशमाचा कोसा शालीकरामचा. शालीकराम मनजे मीच. — काय मनता, हे जात कोनत्याच पुस्तकात नाई? माह्या आज्याच्या आधीपासून हिंडून राहिली ते इथं, तुमच्या पुस्तकालेच उशीर झाला. आन् नाव कोनाचं देता? — तुमच्या गुरुजीचं! वा जी! झाड माहं, किडे माहे, नास माहा, आन् बारसं गुरुजीचं!

काय? बुडाशी ते काळी सुई हाये, त्यातून अंडं घालते? कोशाच्या आतल्या किड्यात? — आन् तिचं पिलू त्याले आतून खाऊन, भोक पाडून... थांबा. ते भोक दाखवा पुन्हा. — हेच जी. हेच. तीन सालाआधी अख्खी फसल अशीच पोकळ निघाली माही. आमच्यात कसं राहते — किडे झाडावर चढवले का राखनदारानं जंगलातच राहाचं, एक टाइम जेवाचं, दाढी नाई कराची, आन् बाईची सावली येनावर पडू नाई द्याची. मी सारं पाळलं. पन मले ताप भरला त रुख्मा, माही घरवाली, काढा घेऊन आली, घडीभर झाडाखाली उभी राहिली. बस! पंचापुढं छाती काढून सांगितलं ना मी — विटाळ हिनंच केला. तिले देवरी गावाले, तिच्या बापाच्या घरी सोडून आलो, मागं वळूनही पाहिलं नाई. मर्द ना मी! दोनदा निरोप आला तिचा, घेऊन जा मनून. नाई गेलो.

माशी? पाहिली ना, काऊन नाई पाहिली! कोशाकोशावर बसून राहे. शेजारचा नंदलाल हाकलाले गेला त मीच अडवलं — राहू दे, हळदीच्या अंगाची हाये, देवीनं राखनीले धाडली. हात जोडले जी तिले! हसा ना साहेब. काऊन हसून नाई राहिले? मोठ्या इस्कुलात शिकले तुमी, माह्यासारखा येडा पाहाले भेटला होता का तिथं?

काय मनता — आमच्यातलं कोनालेच नाई समजलं? ...समजलं होतं जी. एकीले समजलं होतं. देवरीच्या वाटेवर पदरातून एक कोसा काढला तिनं, विळ्यानं कापून ठेवलेला. मने, पाहा, आत कोन बसली हाये — मी नाई, इनं खाल्लं. पाहिलं मी. पिवळी, ओली, पंख चिकटलेली. माहित हाये मी काय केलं? घेतली आन् टाचेखाली रगडली. मनलं, चाल मुकाट्यानं.

...काय लिवून राहिले? हे नाई लिवाचं. बंद करा ते वही. — उठा, गाडी चुकन तुमची. जा मनतो ना!