देवकाबाईचा बाक

एका मेलेल्या बाईसाठी आज कोर्टाच्या अंगणात पन्नास खुर्च्या निघाल्या. माझी नात इथं पेशीले आली होती, तेव्हा तिच्यासाठी एक निघाली नव्हती. हे आधी बोलते, मग जोहार.

जोहार मंडळी. मी सालेकशाकडची. दुसरीत शाळा सुटली. भाषण येत नाही. समोर देवकाबाईची चायची टपरी बंद आहे, तिच्यासाठीच ही शोकसभा. पण चायवाली म्हणून दोन गोड शब्द बोलून तुम्ही उठून जाल, ते मले चालणार नाही.

माझ्या नातीवर एका माणसानं जबरदस्ती केली. तिचं नाव घेणार नाही. तिले विचारून आली. "सांग आजी, पण रडू नको," म्हणाली. जशी काही मी रडतेच!

आम्ही ठाण्यात गेलो. साहेबानं विचारलं तिले, उत्तर दिलं मी. आमच्या घरी मोठं माणूस बसलं असलं की पोरगी बोलत नाही. मले वाटलं, तिच्या तोंडातून कायले वदवता, मीच सांगते. साहेबही लिहीत गेला. शब्द माझे, सही तिची. चूक माझी. आणि लिहून घेणाऱ्याची नाही?

मग कोर्ट. दिवसभर पोरगी वरांड्यात उभी. समोरच्या बाकावर तो आणि त्याचे भाऊ, खर्रा चघळत हसून राहिले. चपराशानं तिचं नाव असं ओरडलं, की रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले. आत त्याच्या वकिलानं तोच कागद फडकवला. "तेव्हा एक सांगितलं, आता दुसरं. खरं कोणतं?" जजबाईनं पुढची तारीख दिली.

बाहेर आलो, तर देवकाबाईनं तिचा हात धरला. टपरीमागं बांबूचा तट्टा, तट्ट्यामागं बाक. तिथं बसवलं. काय झालं, विचारलं. मी सुरू झाली. तशी ती माझ्यावर खेकसली, "बुढे, तू चूप! जिच्यावर बेतलं, तिले बोलू दे."

मले! बुढी! पण बसली चूप. चाय थंड झाली, आणि पोरगी बोलली. पहिल्यांदा पुरं बोलली.

त्या चपराशालेही सोडलं नाही देवकाबाईनं. "नाव काऊन ओरडतो रे? वेळ आली की इथं येऊन गिलास उपडा ठेव. मी आणते पोरीले." तो ठेवत गेला. नाव फोडू नका, असं कायदाच म्हणते म्हणतात. मग तो कायदा टपरीवर काऊन सापडला, कोर्टात काऊन नाही?

पुढच्या पेशीले नात जजबाईले म्हणाली, "ठाण्यात आजी बोलली होती. आता मी बोलते." बाईनं ऐकून घेतलं. पण त्याच्या वकिलाचे सवाल बाकी आहेत. सोमवारी पेशी आहे.

देवकाबाई, तुले जोहार. तुझ्यासाठी चूप उभे राहू, दोन मिनिटं काय, दहा राहू. पण त्याआधी एक सवाल. सोमवारी माझी नात बसेल कुठं?

तिकडले वकीलसाहेब, उत्तर द्यायले तुम्ही उठू नका. दुसऱ्याच्या जागी बोललं की काय होते, ते मी भोगून बसली. कोर्टाच्या खुर्च्या अन् खोल्या ज्यांच्या हाती, ते नाजरसाहेब पहिल्या रांगेत आहेत. नाजरसाहेब, तुम्ही उभे राहा. तुम्हीच सांगा.

मग आम्ही चूप राहू.