चिंधी बांधलेली घंटा

मंडळी, ऐका! बोलायला सुरुवात करण्याआधी एक कौतुक करून घेतो. तुमच्या चर्चची घंटा — काय खणखणीत हो! मी फाट्यावर एसटीतून उतरलो, तिथं ऐकू आली. मला न्यायला आलेले हे पटकेवाले भाऊ छाती फुगवून म्हणाले, 'बुवा, आमची घंटा पार धरणापर्यंत जाते.' छान. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता एक प्रश्न विचारतो. तुम्ही कुणाच्या घरी जेवायला गेलात. पोटभर जेवलात, ढेकर दिलात, 'वा, काय स्वयंपाक!' म्हणालात. आणि निघता निघता ज्यानं रांधलं त्या आचाऱ्याला काठीनं झोडपलंत. असल्या पाहुण्याला काय म्हणाल? — हां, मागून ती ताई बोलली ते बरोबर आहे, पण ते इथं मोठ्यानं म्हणता येत नाही!

धरा टाळ —

*ज्याच्या हातची भाकर खाशी,*
*त्याच्याच घरा का आग लाविशी?*

तर नगरकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही. त्या गावचा एक माणूस इथं बसलाय आणि त्यानं आत्ताच मान खाली घातलीय.

त्या गावात मार्थाबाई मकासरे. सत्तरीला टेकलेली, विधवा, अंगानं काटकुळी. पण रागावली तर ओढ्यापलीकडची म्हैस उठून उभी राहायची! चर्चची घंटा ती वाजवायची. आधी सासरा, मग नवरा, मग ही. आणि पोटाला होतं वीस गुंठे रान. त्यात कांद्याचं बी. सुट्टीला आलेल्या शहरातल्या लेकरांनो, कांद्याचं बी पुडीत उगवत नाही बरं! कांदा पुन्हा मातीत लावायचा, त्याला दांडा येतो, दांड्यावर पांढरा गोंडा फुलतो. मधमाशीनं या गोंड्यावरून त्या गोंड्यावर जायचं, तेव्हा त्यात बी भरतं. माशी आली नाही, तर गोंडा फुलतो आणि नुसता वाळतो. म्हणजे मार्थाबाईचं वर्षाचं पोट त्या माशीवर अवलंबून होतं.

आणि माश्या कुठं राहायच्या? चर्चच्या मनोऱ्यात! दर जानेवारीत आग्या मोहोळ यायचं आणि घंटेच्या वरच्या कमानीला लटकायचं, चांगलं सुपाएवढं. वैशाखात आपलं आपण निघून जायचं. मार्थाबाईच्या सासऱ्याच्या काळात एका रविवारी घंटा दणक्यात वाजली, मोहोळ उठलं आणि सगळी मंडळी उपासना सोडून उसात पळाली. पाळकसाहेब सगळ्यांच्या पुढं! लोक म्हणाले, जाळून टाका. सासरा म्हणाला, थांबा. त्यानं डोक्याचा लाल पटका फाडला, शिडी लावून वर गेला आणि घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळली. तेव्हापासून मोहोळ आलं की चिंधी चढायची. घंटा वाजायची — धप्, धप्. सगळ्या गावाला, सगळ्या जातीधर्माच्या माणसांना कळायचं की पाहुण्या आल्या. मग सकाळच्या पारी कुणी पिकावर औषध मारायचं नाही. पन्नास वर्षं हे चाललं. कुठं पाटी नाही, ठराव नाही. एक चिंधी तेवढी.

मग मंडळीच्या पंचांत मोठे झाले शांतवन चक्रनारायण. नाव घेऊन सांगतो, कारण त्यांनीच मला बजावलंय, 'बुवा, सांगाल तिथं माझं नाव घ्या.' माणूस वाईट नाही. चर्चला फरशी त्यांनी बसवली, भोंगा त्यांनी आणला. त्यांचंही दोन एकर कांद्याचं बी. त्या वर्षी सुगीच्या सणाला बिशपसाहेब यायचे होते. विषय काय ठेवला? 'देवाच्या सृष्टीबद्दल उपकारस्तुती.' संडे स्कूलच्या पोरांकडून मोठा बॅनर रंगवून घेतला. त्यावर सूर्य, झाडं, चिमण्या आणि मधोमध एक हसरी मधमाशी.

आठवडाभर आधी शांतवनराव मार्थाबाईकडं गेले. साहेबांची गाडी वेशीत शिरली की घंटा वाजली पाहिजे आणि ती धपधप नको, पाहुण्यांत लाज जाते, म्हणाले. मार्थाबाईनं सांगितलं, माश्या वैशाखात जातील, तोवर देवाला धपधप ऐकू येतं, साहेबांनाही येईल. शांतवनराव 'बरं' म्हणाले आणि निघून गेले. मंडळी, पंच लगेच 'बरं' म्हणाला ना, की आपण सावध व्हावं!

पहाटे थंडीनं माश्या आखडलेल्या असतात. शनिवारी शांतवनरावांनी नेमकी तीच वेळ गाठली. गोणपाटाचे पलिते रॉकेलमध्ये भिजवले, लांब बांबूला बांधले आणि लावले मोहोळाला. देवाच्या घरात! ज्या देवानं बाग लावली आणि माणसाला तिची राखण करायला ठेवलं, त्याच देवाच्या मनोऱ्यात राखणदारानं आग लावली. का? तर गाडी येणार होती!

मार्थाबाई उजाडताना घंटा वाजवायला आली. पायरीवर काळा थर. तिला वाटलं कोळशाची भुकटी सांडलीय. पायाखाली ओलसर लागलं म्हणून ती वाकली. काही माश्या अजून चालत होत्या, पंख जळालेल्या, गोल गोल फिरत. वरून मध ठिबकत होता, धुरानं कडवट झालेला. आणि नालीत पडली होती ती लाल चिंधी.

शांतवनराव दारातूनच म्हणाले, मावशी, झाडायला माणूस सांगितलाय, तुम्ही कशाला वाकता. ती घरी गेली, सूप घेऊन आली, खाली बसली आणि एकेक माशी वेचायला लागली. दुपार झाली. चिंधी झटकून तिनं कमरेला खोचली. मला राग कशाचा येतो सांगू? दिवसभर त्या पायरीवरून वीस माणसं आत गेली. पताका लावायला, फुगे फुगवायला! एकानंही तिच्यासोबत बसून माशी वेचली नाही.

रविवार उजाडला. गाडी वेशीत शिरली. घंटा शांतवनरावांनी स्वतः वाजवली, खणखणीत. उपासना सुरू झाली, अर्पणं पुढं आली. ज्वारीची कणसं, भोपळे, गुळाची ढेप. एकाची कोंबडी वेदीपुढं सुटली आणि तिनं आपलंही अर्पण तिथंच केलं! लोक हसले. सगळ्यात शेवटी मार्थाबाई आली. डोक्यावर सूप, त्यावर पांढरं फडकं. लोकांना वाटलं, कांदे आणले असतील. तिनं सूप बरोबर त्या बॅनरखाली ठेवलं आणि फडकं काढलं.

मंडळी, गाणं मध्येच थांबलं. वर रंगवलेली हसरी माशी आणि खाली सूपभर जळलेल्या माश्या.

मार्थाबाई म्हणाली, "ही बी देवाचीच सुगी हाय. ज्यानं कापली त्यानं पुढं यावं आन् आपल्या हातानं वाहावी. म्या न्हाई वाहणार."

कुणी हललं नाही. बिशपसाहेबांनी विचारलं, हे कशासाठी झालं? तेव्हा म्हातारीच म्हणाली, "तुमच्यासाठी घंटा वाजवायची हुती, साहेब."

साहेबांनी गळ्यातला हार काढला आणि सुपावर ठेवला. भाषण केलं नाही. शांतवनराव मात्र तापले. म्हातारीनं सणाचा विचका केला, चार किड्यांसाठी पंचांची इज्जत काढली, असं गावभर सांगत फिरले. आठ दिवस! नवव्या दिवशी रानात गेले. दोन एकर पांढरेशुभ्र फुललेले आणि आवाज नाही. जिथं कान भरून जावा अशी गुणगुण असायची, तिथं नुसता वारा. ते बांधावरून खाली उतरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. एक माशी दिसली नाही.

मार्थाबाईच्या रानात जाऊन उभे राहिले. तीही गोंड्यांत उभी होती. शांतवनराव म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. आता काय करू?"

तिनं मनात आणलं असतं तर हाकलून दिलं असतं. मी हाकललं असतं! तिनं कमरेची चिंधी काढली, मधोमध टरकन फाडली आणि अर्धी त्यांच्या हातात दिली.

"माशी हो," म्हणाली. "ह्या गोंड्यावरनं फिरव, मग त्या. हळू. फूल दुखवू नको."

तो मंडळीचा मोठा पंच वाकला. बारा वाजेपर्यंत त्याचे दीड वाफे झाले, कंबर मोडली. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी आपापल्या रानात फडकी घेऊन उतरली, उपासनेला इतकी माणसं कधी नसतात! आणि फळ काय? शंभर गोंड्यांत दहा भरले. मार्थाबाईच्या वीस गुंठ्यांत दोन ओंजळी बी निघालं. सत्तरीची बाई त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या बांधावर खुरपायला गेली. कुणाच्या पापानं? तिच्या नाही!

*ज्याच्या हातची भाकर खाशी,*
*त्याच्याच घरा का आग लाविशी?*

पुढल्या जानेवारीत शांतवनराव शिडी लावून चढले. दोन्ही तुकडे शिवून लोलकाला गुंडाळले. मोहोळ आलं नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. यंदा तिसरं वर्ष. मार्थाबाई रोज उजाडता घंटा वाजवते, धप्, धप्, आणि मान वर करून रिकाम्या कमानीकडं बघते. अजून आलं नाही, मंडळी. देव क्षमा करतो, पण मेलेली माशी उठत नाही.

आता शेवटी लागणार म्हणालो होतो ते. तुमची घंटा. मघाशी मी दारात जरा थांबलो ना? तुम्हाला वाटलं, बुवा चपला काढतोय. मी वर बघत होतो. तुमच्या मनोऱ्याच्या कमानीला काळा डाग आहे, धुराचा, सुपाएवढा. चुना दिलाय त्यावर, दोन हात तरी दिलेत. तरी खालून दिसतोय.

कधीचा आहे तो? कोण आलं होतं त्या वर्षी?

गप्प का? मी नावं विचारत नाही. पण पुढल्या रविवारी तुमचा सृष्टीचा सण आहे, त्यासाठी मला बोलावलंत, फळ्यावर रंगीत खडूनं फुलं काढलीत. मी आज तुम्हाला आशीर्वाद देऊन घरी पाठवणार नाही.

पटकेवाले भाऊ, तुम्ही उठा. घंटा धरणापर्यंत जाते म्हणालात ना? तो पटका सोडा. शिडी कुठं आहे ते या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. तुम्ही वर जाऊन खाली येईपर्यंत मी इथंच उभा आहे.