असीरगडाखालचं तिसरं पंक्चर

असीरगडाच्या पायथ्याशी आम्ही मोटारीची वाट बघत होतो. शेजारच्या टपरीवर, बायकांच्या इस्पितळासाठी वर्गणी गोळा करत नागपूरहून निघालेल्या सायकल-टोळीतले मागे राहिलेले दोघे बसले होते.

“दिगंबर, सकाळपासून हे तिसरं पंक्चर.”

“सडकच खराब आहे, प्रभाकरभाऊ.”

“माझ्या चाकाखाली चांगली होते वाटतं? तुझी ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली. एक बुडबुडा नाही. वाल्व्ह तेवढा ढिला होता.”

“असेल.”

“अरे, निघालो तेव्हा प्रांताची राजधानी नागपूर होती, आता भोपाळ झाली. आणखी किती उशीर करशील? तुझ्या गावी शनवाऱ्याच्या वेशीवर बाया आरती घेऊन उभ्या असतील. तुझे काका हार घेऊन.”

“हार घालतील अन् उद्या सकाळी जरीच्या दुकानात गादीवर बसवतील. मग तिथून उठायचं नाही.”

“अन् इस्पितळाचा पैसा?”

“तो पुढच्या लोकांबरोबर गेला. मीच राहिलोय.”

“हं. चहा घे.”

“आत्ताच घेतला ना भाऊ.”

“आणखी एक घे. अन् हे बघ, माझं मागचं चाक फार टणक लागतंय. त्यातली थोडी हवा काढ.”

“किती?”

“सगळी.”