पडद्याअलीकडचं निळं पाणी

वहिनी : हात नका लावू भावजी, करंट चालू आहे.

भावजी : नाही लावत. पण टाकीत मधोमध हा पडदा कशाला ताणलाय?

वहिनी : अलीकडे तांब्याची पट्टी विरघळतेय, म्हणून पाणी निळं होतंय. पडदा नसता तर तेच तांबं पलीकडच्या पट्टीवर जाऊन बसलं असतं. मग मुलामा द्यायला द्रावणात उरलं काय असतं?

भावजी : आणि सायनाइड?

वहिनी : थेंबभरसुद्धा नाही.

भावजी : राग मानू नका. तुम्ही कॉलेजात रसायन शिकवता, पण लोखंडावर तांबं धरून बसायला सायनाइडच लागतं. नाहीतर गिऱ्हाईक मुलामा दिलेल्या कड्या आणून तोंडावर फेकेल.

वहिनी : ॲसिड जुन्या सायनाइडच्या टाकीत कलंडून विषारी वायू सुटला, तेव्हा यांना तुम्हीच खांद्यावर टाकून बाहेर आणलंत. अजून जिना चढताना धाप लागते त्यांना. या शेडचा विषय निघाला की उठून जातात. उद्या तुम्ही पडलात तर कोण उचलणार?

भावजी : तो विचार रोजच येतो. येतो आणि मी कामाला लागतो. द्या ती पट्टी इकडे.

(भावजी आधी तयार केलेल्या अशाच निळ्या द्रावणात तांबं चढवलेली लोखंडी पट्टी पकडीत धरून वाकवतात.)

भावजी : बघा, सालपट निघालं.

वहिनी : तेल राहिलं असेल का तिच्यावर?

भावजी : तेल नाही. तुम्ही आधी पट्टी बुडवलीत, मग करंट सोडलात. तेवढ्यात कच्चा थर बसला. आधी करंट, मग पट्टी.

वहिनी : जुन्या टाकीत तर कसंही चालतं.

भावजी : ती सगळे लाड पुरवते, म्हणून तर तिची सवय सुटत नाही. आणा दुसरी, मी बुडवतो.

वहिनी : ...निघाली बाहेर. रंग तर छान आलाय.

भावजी : रंगाचं काय घेऊन बसलात. वाकवतो. आता उलटी. पुन्हा.

वहिनी : अहो, मोडली की.

भावजी : लोखंड मोडलं, वहिनी. तांबं नाही सुटलं.

वहिनी : खरंच?

भावजी : नखानं खरवडून बघा. उद्या कड्यांचा एक घाणा यातच काढू. जुनी टाकी रिकामी करायला मात्र त्यातली जाणकार माणसं बोलवा, आपण हात घालायचा नाही.

वहिनी : दारात कोण आहे? अहो, तुम्ही? एकटेच चालत आलात?

दादा : हळूहळू आलो. आत वास कसला येतोय?

भावजी : कसलाच नाही, दादा. या टाकीत सायनाइडच नाही.

दादा : मग एक स्टूल दे. बसतो थोडा वेळ.