महांतेशचं ‘ऐका तर’

...अन् वरून मलाच म्हणतोय, "मामा, तुम्ही बोलायलाच नको होतं!" आता बघा! तीन मिनिटं बोला, मनातलं बोला, खरं बोला, हे कुणी लिहून ठेवलं? मी? तुम्हाला सांगतो, सख्ख्या बहिणीचं पोरगं हाय म्हणून सांगतो, असलं लेकरू दुश्मनाच्या घरीबी नको... थांबा, मधी बोलायचं न्हाई!

तर हा महांतेश. लातूरचा. तेहतीस वर्षांचा, डोक्यावरचे केस पाहुण्यांना दिसतील एवढेच. पुण्याची नोकरी सोडून आला अन् दोन वरीस खोलीत कोंडून घेऊन ॲप काढलं. नाव काय, तर ‘ऐका तर’! दहा-बारा माणसांनी आपापल्या घरून फोनवर, व्हिडिओ लावून जमायचं अन् एका विषयावर विचार करून बोलायचं. भांडण न्हाई, ‘सुप्रभात’चे गुलाब न्हाईत. एकानं तीन मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी गप ऐकायचं, मधी बोलायचं न्हाई! मराठवाड्यात! अहो, आमच्याकडं मयतीला बी माणूस मधी बोलतंय!

बरं, घाई कशाची होती? तर निलंग्याची सोयरीक आली होती. दीपमाला. शाळेवर मास्तरीण, गुणाची पोरगी, तिनं फोटो बघून हो म्हणलेलं. पण बाप गुरुपादप्पा, निवृत्त हेडमास्तर! "मुलगा नेमकं करतो काय, ते आधी दाखवा." म्हणून रविवारी सकाळी उद्घाटन ठेवलं, बाप-लेक दोघं पाहुणे. त्या दोन तासांवर पोराचं लगीन टांगलेलं.

आता उद्घाटन म्हणल्यावर सत्कार नको? मी म्हणलं, पाहुण्याला शाल-नारळाबिगर बसवलं तर जन्मभर ऐकवतील. मग आदल्या दिवशी जीपवाल्याच्या हातानं शाल, नारळ, हार निलंग्याला धाडला, अन् रविवारी फोनसमोर बसून गुरुपादप्पांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या हातून आमचा सत्कार स्वीकारला! फोटो नीट आला न्हाई म्हणून परत एकदा! मग प्रास्ताविक, मग ज्यांची नावं राहिली त्यांची नावं... पाऊण तास गेला, विचार अजून यायचाच होता.

विषय होता, ‘आपण एकमेकांचं का ऐकत नाही?’ अन् चर्चा संपेस्तोवर संयोजकाचा, म्हणजे महांतेशचाच, माईक बंद. हे बी त्यानंच करून ठेवलेलं!

पहिली पाळी त्याच्या आत्याची, केवळाबाईची. "लांब कशाला जायचं? ह्या महांतेशचंच घ्या की! नोकरी सोडू नको म्हणून मी हातापाया पडले. ऐकलं का ह्यानं?" झालं! एवढ्या गहन विषयाला घरातच उदाहरण सापडलं! मग त्याचा दोस्त सत्यम. "भाऊचा स्वभाव लई चांगला. पण ह्याच्याआधी बी त्यानं एक ॲप काढलं होतं, म्हशी विकायचं. म्हशीच आल्या न्हाईत." इकडं पोरगं हात हलवून राहिलंय, तोंडाची उघडझाप करून राहिलंय, आवाज न्हाई! अन् सगळे त्यालाच म्हणतात, "मधी बोलायचं न्हाई!"

मग आली माझी पाळी. मी तर चांगलंच बोललो हो! पोराची बाजू घेतली! म्हणलं, "गुरुपादप्पा, काळजी करू नका. किल्लारीची सोयरीक साखरपुडा होऊन मोडली, तवा हे पोरगं चार महिने खोलीचं दार उघडत नव्हतं. आता बघा, किती सुधारलंय!"

कुणी म्हणजे कुणी मधी बोललं न्हाई. बाराच्या बारा माणसं खरोखर विचारात पडली. किल्लारीचं निलंग्याला कुणी सांगितलंच नव्हतं, हे मला काय ठाऊक? महांतेशनं हात खाली घेतला. त्याचं तोंड बघून, खोटं कशाला बोलू, मी सावरून घ्यायला गेलो. पण माझी तीन मिनिटं संपली होती.

चर्चा संपली की ॲप सगळ्यांना एकच विचारतं, ‘आज ऐकून तुमचं मत बदललं का?’ सगळ्यांनी ‘नाही’ दाबलं. ‘हो’ दाबणारी एकटी निघाली, दीपमाला.

बहीण रडायला लागली. म्हणलं, रडती कशाला? आपल्याकडं कुणीतरी दुसऱ्याचं ऐकून मत बदललं... ॲप चालतंय की, बाई!