वीस मिनिटांत माद्रिद

...हसा, हसा, पण जरा हळू हो! तो बघा परीक्षित, तिथेच उभाय कोपऱ्यात, पोह्यांची प्लेट घेऊन. तुम्हाला सांगते, आपल्या या नोव्हाय गावात कोणी नुसता युरोपचा विषय काढायचा अवकाश, की हा पुढे! 'माद्रिद ते लिस्बन? वीस मिनिटं हो, फक्त वीस! आपल्याला डेट्रॉइटच्या एअरपोर्टला जायला जास्त लागतात!' कुठून आली ही विद्या? तर गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाला गेलेला. अकराचं विमान, साहेबांनी पट्टा लावला आणि घोरायला लागले. जाग आली तर फोनवर अकरा-वीस! आता लिस्बनचं घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे असतं हे कोण सांगणार? आणि कोणाला, झोपलेल्याला?

बरं, मिरव ना बाबा, कोण नको म्हणतंय! पण याची बायको सुनेत्रा, तिच्या भावाला, माद्रिदच्या श्रीरंगला, मुलगी झाली. सुनेत्रा एकुलती एक आत्या, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. हौसेने स्वतः कुंची शिवली हो तिने! आणि तिकिटं कोणी काढली? याने! विमान कंपनीच्या पॉइंट्सवर लिस्बनपर्यंत फुकट, म्हणून आधी लिस्बन, मग तिथून बारशाच्या दिवशी सकाळी अकराचं विमान. बारा वाजता पाळणा, एकला हॉल रिकामा करून द्यायचा. सुनेत्रा म्हणाली, 'अरे, तिकिटावर पोचायची वेळ एक-वीस दिसतेय...' 'बग आहे गं तो! मी सॉफ्टवेअरमधला माणूस, मला कळत नाही? वीस मिनिटं, फक्त वीस!' आणि वर त्या वेबसाइटवाल्यांना मेल टाकली, तुमचा बग दुरुस्त करा म्हणून!

या खेपेला मात्र जागा राहिला. वीस मिनिटं झाली, विमान आपलं वर चढतंयच. अर्धा तास झाला, सँडविचची गाडी आली. याने गाडी ढकलणाऱ्या पोरीला विचारलं, 'उतरतोय ना आपण?' ती म्हणते, 'सर, आत्ताच तर टेक-ऑफ केलं!' सुनेत्रा मांडीवर कुंची घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. अहो, भांडली असती तर परवडलं असतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. वीस मिनिटं म्हणे... तोंड कुठे लपवायचं विमानात?

पोचले तर हॉलला कुलूप! तसेच श्रीरंगच्या घरी गेले. नाव कोणी सांगितलं माहितीये? शेजारच्या स्पॅनिश बाईने! मुहूर्त टळेल म्हणून श्रीरंगने तिला ऐन वेळी 'कुर्रर्र' शिकवलं. बिचारी ती बाईच सुनेत्राला सॉरी, सॉरी म्हणत होती, आणि परीक्षित बूट काढायचं निमित्त करून दारातच वाकलेला.

सुनेत्राने डोळे पुसले, बाळाला कुंची घातली, कानाशी वाकली... 'कुर्रर्र... इलाबाई, मोठी झालीस की तिकिटं स्वतःची स्वतः काढायची!'

अख्खं घर हसलं. याचे कान लालेलाल. श्रीरंगनेच मग विषय बदलला, 'भावजी, परत कधी निघणार?'

परीक्षित जमिनीकडे बघत म्हणाला, 'ते... तुझ्या ताईला विचार.'